सर्वश्रेष्ठ कर्णधार कोण? भारतीय हॉकीतील एक न मिटणारा वाद



भारतीय हॉकीचा विषय निघाला की बोलणे फिरून एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. आजवर झालेल्या सर्व कर्णधारांत श्रेष्ठ कोण? वडीलधारी मंडळी ध्यानचंदांचे नाव घेतात आणि वाद मिटला असे समजून चहाचा पेला उचलतात. पंजाबी बांधव बलबीरसिंगांच्या बाजूने उभे राहतात. १९७५ च्या विश्वचषकाची आठवण ज्यांच्या मनात ताजी आहे, ते अजितपालसिंगांखेरीज दुसरे नाव ऐकून घेत नाहीत. तरुणांना टोकियोचे मनप्रीतसिंग किंवा पॅरिसचे हरमनप्रीतसिंग जवळचे वाटतात. पिंडे पिंडे मतिर्भिन्ना, हेच खरे.

आपल्या मॉरिशसमध्ये हॉकीपेक्षा फुटबॉलचे वेड कितीतरी मोठे. मग हा वाद आपण कशाला घालावा, असे कोणी विचारील. मी शाळेत शिकवतो. खेळाचा संघ निवडताना दरवर्षी मुलांत हाच तंटा होतो. जो सर्वांत जास्त गोल करतो तोच 'कापितेन' झाला पाहिजे, असे निम्मी मुले म्हणतात. ज्याचे सगळे ऐकतात त्याला करा, असे उरलेली म्हणतात. शिक्षकाने ज्याच्या दंडाला पट्टी बांधावी, त्याच्याकडे पाहून बाकीची मुले एक धडा शिकतात. मोठेपणा कशात असतो, हा तो धडा. हा धडा चुकीचा दिला गेला तर तो खेळापुरता राहत नाही, पुढे घरात, कचेरीत आणि समाजाच्या सभांतही दिसतो. म्हणून हा प्रश्न पोरकट समजू नये.

प्रथम कसोटी ठरवू. केवळ पदके मोजायची तर ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघाने ८ सुवर्णपदके मिळवली आहेत : १९२८, १९३२, १९३६, १९४८, १९५२, १९५६, १९६४ आणि १९८०. म्हणजे एवढे कर्णधार बरोबरीत आले. केवळ खेळातील कौशल्य पाहायचे तर उत्तम खेळाडू कोण, एवढेच कळेल. उत्तम कर्णधार कोण, ते कळणार नाही. म्हणून मी तीन गोष्टी विचारतो. कर्णधाराच्या हाती कसला संघ आला? वाटेत कोणते संकट आडवे आले? आणि त्या संकटात त्याने सोबत्यांना काय दिले?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज खेळाडू सतत आतबाहेर करतात, प्रशिक्षक बाजूला बसून डाव आखतो, आणि मध्यंतरे तीन असतात. पूर्वी सामना सुरू झाल्यावर गडी बदलता येत नसे. मैदानावर उतरलेल्या अकरा जणांचे जे काही व्हायचे ते कर्णधाराच्या डोळ्यांदेखत आणि बरेचसे त्याच्या शब्दावर होई.

आता एकेकाला साक्षीला बोलावू.

पहिले नाव जयपालसिंग यांचे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारताचा संघ प्रथमच ऑलिंपिक हॉकीत उतरला, त्याचे हे नायक. रांचीकडच्या मुंडा आदिवासी कुटुंबात १९०३ साली जन्मलेला हा मुलगा शिकत शिकत ऑक्सफर्डला पोहोचला, तेथे विद्यापीठाच्या संघातून खेळला आणि आय.सी.एस. ची परीक्षा उत्तीर्ण झाला. ऑलिंपिकसाठी रजा मागितली, ती मिळाली नाही. रजेविनाच ते खेळायला गेले आणि पुढे त्या नोकरीवर पाणी सोडले. त्या वेळी आय.सी.एस. म्हणजे काय होते, हे आपल्या आजोबांना विचारा! त्यांचा संघ मुंबईहून बोटीने निघाला तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर अवघी तीन माणसे होती, असे ध्यानचंदांनी लिहून ठेवले आहे. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्यांना हरवलेही होते. जयपालसिंग त्यांना इंग्लंडमध्ये मिळाले. मग ॲम्स्टरडॅमला पाच सामन्यांत २९ गोल केले आणि अंगावर एकही घेतला नाही. हाच संघ परत आला तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर माणसांचा समुद्र होता.

मात्र एक गोष्ट जयपालसिंगांच्या बाजूने जात नाही. अंतिम सामन्यात ते नव्हते. संघाच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाले आणि त्यांनी संघ सोडला. हॉलंडविरुद्धचा तो सामना उपकर्णधार ब्रूम पिनिगर यांच्या नेतृत्वाखाली ३-० असा जिंकला गेला. दोष कोणाचा, याचा निवाडा आपण आज करू शकत नाही. पण शेवटच्या दिवशी नायक संघात नसावा ही उणीव राहतेच. त्यांचे खरे नेतृत्व पुढे दिसले. आदिवासी महासभेचे अध्यक्ष म्हणून आणि भारताच्या संविधान सभेत आदिवासींचा आवाज म्हणून त्यांनी जे काम केले, त्याचे मोल सुवर्णपदकाहून कमी नाही.

लॉस एंजेलिसला १९३२ मध्ये लालशाह बुखारी कर्णधार होते. अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, पण स्पर्धेत संघच तीन होते. संकट नाही, तेथे कसोटीही नाही. म्हणून पुढे जाऊ.

ध्यानचंद! त्यांच्याविषयी नवे काय सांगावे? सर्वांना त्यांची काठी आठवते. मला त्यांची एक रात्र महत्त्वाची वाटते. १९३६ च्या जुलैत बर्लिनला पोहोचताच सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. त्या पराभवाने कर्णधाराची झोप उडाली. जादूगार म्हणून जगभर नाव झालेल्या माणसाने हा योगायोग होता असे म्हणून अंग झटकले नाही. संघात उणीव आहे हे मान्य केले, भारतात तार गेली, आणि दारा नावाचा आघाडीचा खेळाडू विमानाने बोलावून घेतला. पुढे १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्याच जर्मनीशी अंतिम सामना झाला. आत जाण्यापूर्वी संघाने खोलीत तिरंग्याला वंदन केले. त्या वेळी तो सरकारमान्य ध्वज नव्हता, काँग्रेसचा होता. मैदान ओले होते आणि मध्यंतराला एकच गोल झाला होता. ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले आणि पुढे गोलांचा वर्षाव झाला. निकाल ८-१.

येथे बरेच जण म्हणतील, झाले, निकाल लागला! पण मी जरा थांबतो. ध्यानचंदांच्या हाती आलेला संघ दोनदा जगज्जेता ठरलेला होता. शिवाय संघात स्वतः ध्यानचंद होते, भाऊ रूपसिंग होते. ध्यानचंद हे सर्वांत मोठे खेळाडू, याविषयी वाद नाही. मोठ्या खेळाडूच्या तेजात कर्णधार वेगळा दिसत नाही, इतकेच.

काळाचा क्रम थोडा सोडून आधी बलबीरसिंगांकडे वळू. १९५६ साली मेलबर्नला पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केल्यावर कर्णधाराच्या उजव्या हाताच्या बोटाचे हाड मोडले. पुढचे साखळी सामने ते खेळले नाहीत. तरी ही दुखापत बाहेर कळू दिली नाही. हेतू असा, की बलबीर केव्हाही उतरतील या धाकाने प्रतिपक्षाने आपले दोन बचावपटू त्यांच्यासाठी राखून ठेवावेत. उपांत्य आणि अंतिम सामन्यात बोटाला प्लास्टर घालून, वेदनाशामक सुया टोचून घेऊन ते खरोखरच उतरले. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात रणधीरसिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर एकमेव गोल केला. कर्णधाराने गोल केला नाही, पण प्रतिपक्षाचे खेळाडू आपल्याकडे ओढून सोबत्यांना वाट मोकळी करून दिली. संपूर्ण स्पर्धेत भारताचे गोल ३८, अंगावर शून्य. माझ्या यादीत बलबीरसिंग फार वर आहेत.

जिंकणाऱ्यांचीच नावे घेतली तर अन्याय होईल. १९६० साली रोमला लेस्ली क्लॉडियस कर्णधार होते. पाकिस्तानने १-० असे हरवले आणि १९२८ पासून चालत आलेली सुवर्णपदकांची मालिका तुटली. क्लॉडियस आधीच्या तीन सुवर्णविजेत्या संघांत होते, पण लोकांना रोमच आठवते. चार वर्षांनी टोकियोत चरणजितसिंग यांनी तोच हिशेब १-० ने चुकता केला. १९६६ मध्ये गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली बँकॉकला आशियाई सुवर्ण आले. मग १९६८ मध्ये मेक्सिकोला एक विचित्र प्रकार झाला. पृथीपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन संयुक्त कर्णधार नेमले गेले. एका म्यानात दोन तलवारी! भारत प्रथमच अंतिम सामन्याबाहेर राहिला आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. सगळा दोष त्या नेमणुकीला देता येणार नाही; पण नायक कोण हेच जेथे ठरत नाही, तेथे बाकीच्यांनी पाहावे कोणाकडे?

अजितपालसिंगांची कहाणी मात्र विचार करायला लावणारी आहे. १५ मार्च १९७५ रोजी कुआलालंपूरला त्यांच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध पराभव समोर दिसत असताना अस्लम शेरखान यांनी बरोबरी साधून दिली आणि जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. अंतिम सामन्यात सुरजितसिंगांच्या गोलनंतर निर्णायक गोल अशोककुमार यांचा, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा. संघाचे व्यवस्थापक होते बलबीरसिंग. भारताने जिंकलेला हा आजवरचा एकमेव विश्वचषक. पण पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला हेच अजितपाल कर्णधार असताना भारत सातवा आला. सोळा महिन्यांत माणूस बदलला का? नाही. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली जात होती. नाचता येईना अंगण वाकडे अशी आपल्याकडे म्हण आहे; येथे नाचणाऱ्याचा दोष नव्हता, अंगणच नवे होते. कर्णधाराला डोक्यावर घेणाऱ्यांनी आणि पायदळी तुडवणाऱ्यांनी हे सोळा महिने विसरू नयेत.

१९८० मध्ये मॉस्कोला वासुदेवन भास्करन यांच्या संघाने स्पेनला ४-३ असे हरवून सुवर्ण आणले. मात्र बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ आलेच नव्हते. यानंतर ऑलिंपिकमध्ये दीर्घ दुष्काळ पडला.

त्या दुष्काळात आपल्या मराठी मुलखाने एक कर्णधार दिला. पुण्याजवळच्या खडकीत १९६८ साली जन्मलेले धनराज पिल्ले. घर तमिळ, पण वाढले खडकीच्या मैदानावर. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या खेळाडूने १९९८ मध्ये बँकॉकला दक्षिण कोरियाला पेनल्टीच्या टप्प्यात हरवून ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवून दिले. परत आल्यावर काय झाले? पुढच्या मालिकेसाठी निवडलेल्या संघातून खुद्द कर्णधाराला आणि आणखी काही विजेत्या खेळाडूंना वगळण्यात आले. खेळाडूंच्या पैशांचा आणि मानाचा प्रश्न धनराज उघडपणे बोलत असत. सोबत्यांसाठी बोलणे हेही कर्णधाराचेच काम. त्याची किंमत त्यांनी मोजली.

अलीकडची नावेही कमी नाहीत. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले. तेथे दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे चिरडले. असा मार खाल्ल्यावर संघ दुभंगतो, एकमेकांकडे बोटे दाखवतो. मनप्रीतसिंगांचा संघ मात्र पुढचे तीन साखळी सामने जिंकला, उपांत्य फेरीत पोहोचला, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात १-३ असा मागे असताना जर्मनीला ५-४ ने हरवून गेला. ४१ वर्षांनी पदक आले. २०२४ मध्ये पॅरिसला हरमनप्रीतसिंगांचा संघ ब्रिटनविरुद्ध चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनिशी झुंजला, शूटआऊटमध्ये जिंकला आणि पुन्हा कांस्य घेऊन आला. स्पर्धेत दहा गोल कर्णधाराचे होते.

आता माझे मत सांगतो. वर मी मुद्दामच एक नाव घेतले नाही : किशनलाल.

हे नाव ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतील. किशनलालांचा जन्म १९१७ साली महूला झाला. हीच ती छावणी, जेथे १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. किशनलाल रेल्वेच्या संघातून खेळत, मैदानात उजव्या टोकाला. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक स्पर्धा झालीच नाही. १९४८ साली लंडनला भारताचे नेतृत्व त्यांच्याकडे आले तेव्हा वय ३१ होते आणि ते त्यांचे पहिलेच ऑलिंपिक होते.

माझा पहिला प्रश्न आठवा : हाती कसला संघ आला? बर्लिनच्या संघातला एकही गडी उरला नव्हता. वर्षापूर्वी देश दुभंगला होता. हॉकीचे माहेरघर जो पंजाब, त्याचा अर्धा भाग पलीकडे गेला. १९३६ मध्ये भारतासाठी विमानाने बर्लिन गाठणारे तेच दारा आता लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून आले होते! किशनलालांच्या संघातील केशव दत्त यांचे लाहोर कायमचे सुटले होते. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे त्या वेळी भारताकडून खेळले आणि पुढे पाकिस्तानच्या संघात दिसले. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ ही मुंबईच्या मैदानांवर खेळणारी मंडळी होती. क्लॉडियस आणि जॅन्सन हे अँग्लो-इंडियन, बलबीर आणि त्रिलोचन हे शीख, रंगनाथन फ्रान्सिस मद्रासचे. ज्या वर्षात माणसे धर्म विचारून एकमेकांचे गळे कापत होती, त्याच वर्षात हे हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती एका वेषात, एका नायकाच्या मागे उभे राहिले.

दुसरा प्रश्न, संकट कोणते? ब्रिटनने १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीचा संघ पाठवलाच नव्हता. मालक आणि अंकित या मैदानावर कधी समोरासमोर आले नव्हते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस उरले असताना, ते वेम्बलीवर समोरासमोर आले. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, पावसाने चिखल झालेला. दाराच्या पाकिस्तानला ब्रिटनने उपांत्य फेरीत घरी पाठवले होते. आणि भारत जिंकला ४-०.

तिसरा प्रश्न, सोबत्यांना काय दिले? गोल करणाऱ्यांची नावे पाहा. दोन बलबीरसिंगांचे, एक त्रिलोचनसिंगांचा, एक पॅट जॅन्सन यांचा. कर्णधाराचा एकही नाही. टोकावरून धावायचे, चेंडू आत द्यायचा आणि यश दुसऱ्याच्या नावावर मांडायचे, हा त्यांच्या जागेचा धर्मच होता. उपकर्णधार के. डी. सिंग 'बाबू' यांनी चार वर्षांनी हेलसिंकीला कर्णधार होऊन सुवर्ण राखले. त्याच संघातील बलबीर आठ वर्षांनी कर्णधार झाले, क्लॉडियस बारा वर्षांनी. म्हणजे १९४८ च्या एका संघातून पुढच्या तीन ऑलिंपिकचे कर्णधार निघाले. याहून मोठे दान नायक काय देणार?

यावर कोणी म्हणेल, मास्तर, हे श्रेय एकट्या किशनलालांचे कसे? मान्य. कोणाही कर्णधाराचे श्रेय एकट्याचे नसते. गाव करी ते राव काय करी! पण गावाला गाव म्हणून उभे करणारा कोणीतरी लागतोच. ध्यानचंदांना जगज्जेता संघ मिळाला आणि तो त्यांनी जगज्जेता ठेवला. बलबीरांना उत्तम संघ मिळाला, त्यांनी स्वतःचे दुखणे गिळून तो शिखरावर नेला. किशनलालांना फुटलेल्या देशातून गोळा केलेली माणसे मिळाली आणि परत येताना ती एक संघ होऊन आली. म्हणून माझे माप त्यांच्या पदरात.

त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८० मध्ये ते वारले. ध्यानचंदांच्या नावाने भारताचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार आहे, आणि तो यथायोग्यच आहे. किशनलालांचे नाव मात्र हॉकीची आवड असणाऱ्या अनेक घरांतही कोणाला आठवत नाही. गोल करणारा स्मरणात राहतो, चेंडू देणारा विसरला जातो. आपल्या वर्गांतूनही हेच घडते. पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे नाव फळ्यावर लागते. मागे पडलेल्या दोघांना रोज गणित समजावून सांगणाऱ्या मुलीचे कोठेच लागत नाही. पुढच्या वेळी शाळेत, मंडळात किंवा घरच्या कार्यात नायक निवडायची वेळ आली तर प्रश्न थोडा बदलून पाहावा. सर्वांत चांगला कोण, असे न विचारता कोणामुळे बाकीचे चांगले होतात, असे विचारावे.

वाद येथे मिटला असे मी म्हणत नाही. ध्यानचंदांचे आणि अजितपालांचे पक्षकार या पानाच्या वाचकांत पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आपला कौल कारणांसह संपादकांकडे जरूर पाठवावा. फक्त एक अट आहे. त्या कर्णधाराने किती गोल केले हे लिहू नये. त्याच्या सोबत्यांनी किती केले, ते लिहावे.